चौकट कोण काढतं? मोबाइलवरच्या एका छोट्या घटकाचा इतिहास

संशोधनासाठी मोबाइल ॲप बनवायचं ठरलं की पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच येतो: फ्लटर घेऊ की रिॲक्ट नेटिव्ह? प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या आधीचा एक प्रश्न राहून जातो. ॲपमध्ये दिसणारी बटणं, याद्या, मजकुराच्या चौकटी पडद्यावर प्रत्यक्ष काढतं कोण? तुमचं ॲप, की ज्या फोनवर ते चालतंय तो फोन?

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात घरकाम करणाऱ्या बायकांकडून तुम्ही रोजच्या प्रवासाच्या नोंदी गोळा करताय. ॲप अँड्रॉइडवर चालायला हवं आणि आयफोनवरही, कारण कुणाच्या हातात कोणता फोन असेल ते तुम्ही ठरवू शकत नाही. दोन वेगळी ॲप लिहायला वेळही नाही आणि पैसाही नाही. म्हणून एकदाच लिहून दोन्हीकडे चालणारं, म्हणजे क्रॉस-प्लॅटफॉर्म ॲप. बारा प्रश्न पर्यायांचे आहेत. तेरावा मोकळा आहे: ‘आज प्रवासात काय अडचण आली ते तुमच्या शब्दांत लिहा.’ या तेराव्या प्रश्नासाठी मजकुराची एक चौकट जोडायची आहे.

कोडमध्ये हे काम चार-पाच ओळींचं. पण ज्या बाईला त्या चौकटीत मराठी लिहिता आलं नाही ती काय करेल? दोन शब्दांत उरकेल, रोमन लिपीत लिहील, नाहीतर प्रश्न सोडून देईल. तुमच्या तक्त्यात ती जागा रिकामी दिसेल आणि तुम्ही लिहाल, ‘सहभागींनी अडचण नोंदवली नाही.’ अडचण होती, फक्त ती तुमच्या चौकटीत मावली नाही. म्हणून ही चौकट कुठून आली, कुणी कशासाठी बनवली हे संशोधकाला माहीत असावं. हा इतिहास बराचसा अमेरिकेत घडला, पण त्यातला मराठीचा महत्त्वाचा भाग आपल्याच उपनगरांत, जुहू आणि पवईत घडला.

सुटे भाग

‘कंपोनंट’ हा शब्द सॉफ्टवेअरमध्ये रुजवण्याचं श्रेय सहसा डग्लस मॅकिलरॉय यांना दिलं जातं. ऑक्टोबर १९६८मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोच्या पुढाकाराने सॉफ्टवेअर अभियांत्रिकीवर एक परिषद भरली होती. तिथे त्यांनी मांडलं, की बाकीच्या उद्योगांत सुटे भाग यादीतून निवडून आणता येतात, सॉफ्टवेअरवाले मात्र प्रत्येक वेळी सगळं मुळापासून घडवत बसतात. लॅमिंग्टन रोडवर जाऊन हवा तो रेझिस्टर विकत आणावा, तसा कोडचा भाग का आणता येऊ नये, असा त्यांचा मुद्दा आपल्या भाषेत सांगता येईल.

पडद्यावरच्या घटकांपुरती ही कल्पना घरोघरी पोहोचली ती १९८४ साली, ॲपलच्या मॅकिंटॉशमुळे. त्या यंत्रात बटणं, मेनू, खिडक्या, सरकपट्ट्या काढण्याचा कोड आधीच भरून ठेवला होता. त्याला टूलबॉक्स म्हणत. प्रोग्रामरने फक्त सांगायचं, ‘इथे बटण हवं’. ते काढायचं काम यंत्राचं. त्यामुळे वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले प्रोग्राम वापरणाऱ्याला सारखेच वाटायचे. एक शिकला की दुसरा समजायचा.

इथे एक सौदा झाला, तो नीट लक्षात ठेवा. घटक यंत्र काढणार असेल तर वापरणाऱ्याला ओळखीचं वाटतं आणि तुमची मेहनत वाचते. पण त्या यंत्राच्या मालकाने जेवढी कल्पना केली तेवढंच तुम्हाला मिळतं. त्याने देवनागरीची कल्पना केली नसेल, तर तुमच्या बटणावर देवनागरी येणार नाही.

जावाचं वचन

यंत्रं अनेक झाली तेव्हा हा सौदा अडचणीत आला. १९९५ साली सन मायक्रोसिस्टम्सने जावा भाषा जाहीर केली. एकदा लिहा, कुठेही चालवा, हे तिचं वचन. आपण आज ज्याला क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणतो त्याची ही सर्वात गाजलेली सुरुवात.

बटणं काढण्यासाठी जावाकडे आधी एडब्ल्यूटी नावाचा संच होता. तो स्वतः काहीच काढत नसे. विंडोजवर असेल तर विंडोजला सांगे, मॅकवर असेल तर मॅकला. ऐकायला छान. पण मग संचात फक्त तेच घटक ठेवता येत, जे सगळीकडे सापडतात. शिवाय एकच चौकट इथे थोडी रुंद, तिथे थोडी अरुंद, असा प्रकार व्हायचा. दहा घरांतून भांडी गोळा करून पंगत वाढावी तसं. ताट सगळ्यांपुढे आहे, पण एकसारखं नाही.

यावर उतारा म्हणून स्विंग नावाचा दुसरा संच आला आणि १९९८मध्ये जावाच्या १.२ आवृत्तीत समाविष्ट झाला. त्याने उलट वाट धरली. चौकट, बटण, यादी सगळं स्वतःच काढायचं. यंत्राकडून फक्त कोरी जागा मागायची. आता सगळीकडे सारखं दिसू लागलं. पण विंडोजवाल्याला ते विंडोजचं वाटेना आणि मॅकवाल्याला मॅकचं.

दोन्ही वाटा लक्षात ठेवा: फोनला काढायला सांगा, किंवा स्वतः काढा. पुढची पंचवीस वर्षं या दोनच वाटा नव्या नावांनी पुन्हा पुन्हा येत राहिल्या.

लोकलच्या डब्यातला जावा

मोबाइलवर हा वाद फार लवकर आला. साध्या फोनसाठीच्या जावाचं एमआयडीपी नावाचं मानक २००० साली ठरलं. त्यात दोन्ही वाटा शेजारीशेजारी ठेवल्या होत्या. फॉर्म, लिस्ट, टेक्स्टफील्ड हे घटक मागितले तर ते कसे दिसतील हे फोन बनवणारी कंपनी ठरवणार. कॅनव्हास मागितला तर कोरा पडदा तुमच्या ताब्यात. एकेक रेघ तुम्ही काढायची.

मुंबईकरांनी हे जग हातात धरून पाहिलंय. सचिन टेके यांनी २०१०च्या सुमारास आणलेलं एम-इंडिकेटर हे लोकलचं वेळापत्रक दाखवणारं ॲप सुरुवातीच्या काळात अशा जावा फोनवरही चालत असे. नंतर ते स्मार्टफोनवर गेलं. बोरिवलीच्या फलाटावर नेटवर्क नसलं तरी पुढची फास्ट किती वाजता हे कळायचं, कारण वेळापत्रक फोनमध्येच साठवलेलं असे. असं ॲप लिहिणाऱ्यापुढे स्थानकांची यादी दाखवण्याच्या दोन वाटा होत्या: फोनची लिस्ट वापरायची, म्हणजे नोकियावर ती नोकियासारखी आणि सॅमसंगवर सॅमसंगसारखी दिसेल, किंवा कॅनव्हासवर स्वतः यादी काढायची आणि वर-खाली सरकवण्यापासून सगळं स्वतः लिहायचं.

मराठीच्या दृष्टीने त्या मानकात एक मोठी भिंत होती. अक्षरांसाठी ॲपला तीन प्रकारचे टाइप आणि तीन आकार एवढ्यातूनच निवडता येई, आणि तेही फोनमध्ये असतील तेच. स्वतःचा फॉन्ट सोबत नेण्याची सोय नव्हती. फोनमध्ये देवनागरी नसेल तर ‘अंधेरी’ हा शब्द दाखवायला त्याचं चित्र काढून चिकटवण्यावाचून गत्यंतर नसे. चित्र वाचता येतं. त्यात लिहिता येत नाही, शोधता येत नाही.

म्हणजे चौकट कोण काढतं या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न होता: अक्षर कोण काढतं?

जुहू: अक्षर कोण काढतं

या दुसऱ्या प्रश्नावर गंभीर काम झालं ते जुहूला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका केंद्रातून १९८५ साली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, ही स्वतंत्र संस्था झाली आणि तिचं घर जुहूला होतं. २००३ साली ती सी-डॅकमध्ये विलीन झाली.

अडचण काय होती ते एका अक्षरावर पाहू. ‘कि’ लिहिताना आपण आधी ‘क’ उच्चारतो, मग ‘इ’. पण कागदावर वेलांटी ‘क’च्या डावीकडे, म्हणजे आधी येते. संगणकाने साठवायचं कोणत्या क्रमाने? उच्चाराच्या, की दिसण्याच्या? छपाईसाठी वापरात असलेल्या जुन्या फॉन्टमध्ये दिसण्याचा क्रम असे; अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर बसवलेले असत. फॉन्ट बदलला की मजकुराची खिचडी. इस्की हे १९९१चं भारतीय मानक आणि त्याच साली आलेलं युनिकोड, दोन्हींनी उच्चाराचा क्रम पत्करला. आधी ‘क’, मग वेलांटी.

साठवणं सोपं झालं, पण पडद्यावर काढणाऱ्याचं काम वाढलं. आता मधे कुणीतरी असा हवा, जो साठवलेल्या क्रमावरून दिसणारा आकार तयार करेल. वेलांटी उचलून डावीकडे नेईल, ‘द’चा पाय मोडून त्याला ‘य’ जोडेल, ‘र’चा रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवेल. या कामाला शेपिंग म्हणतात. आपण त्याला अक्षरजुळणी म्हणू. एनसीएसटीच्या एस. पी. मुदूर, निरंजन नायक, श्रीनाथ शानभाग आणि र. कृ. जोशी यांनी १९९९ साली भारतीय लिप्यांच्या अक्षरजुळणीची रचना मांडणारा शोधनिबंध ‘कॉम्प्युटर्स अँड ग्राफिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

त्यातले र. कृ. जोशी हे सुलेखनकार आणि कवी. पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात, म्हणजे आयडीसीत, त्यांनी अनेक वर्षं शिकवलं आणि नंतर एनसीएसटीत काम केलं. विंडोज २०००सोबत आलेला मंगल हा देवनागरी फॉन्ट त्यांनी घडवलेला. तुम्ही संगणकावर मराठी टाइप केलं असेल तर त्यांच्या हातचं अक्षर नक्कीच पाहिलं असेल. २००८ साली त्यांचं निधन झालं.

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी इथे एक गोष्ट टिपून ठेवावी. हा प्रश्न एकट्या संगणकशास्त्रज्ञाला सुटणारा नव्हता आणि एकट्या सुलेखनकारालाही नव्हता. ‘र’ आणि ‘य’ जोडताना ‘सूर्य’मध्ये रफार येतो पण ‘दऱ्या’मध्ये चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ येतो, हे मराठी लिहिणाऱ्याला कळतं. ते यंत्राच्या नियमात कसं बसवायचं हे प्रोग्रामरला. दोघे एका टेबलाशी बसले म्हणून काम झालं.

ही अक्षरजुळणी मोबाइलवर पोहोचायला मात्र वेळ लागला. सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनवर मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत, किंवा वेलांटी भलत्याच ठिकाणी लोंबकळत असे. २०११-१२च्या सुमारास, अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीच्या काळात हे बरंच सुधारलं. आज अँड्रॉइड, क्रोम, लिब्रेऑफिस, फ्लटर या सगळ्यांत हार्फबझ नावाचं एकच मुक्त अक्षरजुळणी इंजिन वापरलं जातं.

पवई: कळ कोण देतं

अक्षर दिसू लागलं. पण लिहायचं कसं? हा तिसरा प्रश्न, आणि तो पवईत धसाला लागला.

देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट हा सरकारी प्रमाण कळफलक १९८६ सालापासून आहे. तो टाइप करणाऱ्याच्या दहा बोटांसाठी आखलेला. सवय झाली की वेग चांगला येतो. पण ज्याने कधी संगणकाला हात लावलेला नाही त्याला ‘म’ शोधतानाच दमायला होतं. आयडीसीतल्या अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार केला. शाळेत गेलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक तक्ता आधीच आहे: क ख ग घ ङ, च छ ज झ ञ. तोच तक्ता कळफलकावर उतरवला तर? २००४ साली व्हिएन्नातल्या सीएचआय परिषदेत त्यांनी की-लेख नावाचा असा कळफलक मांडला. तो खऱ्या, दाबायच्या कळांचा होता.

मग टचस्क्रीन आले आणि कळ ही वस्तू राहिलीच नाही. ती पडद्यावरचा एक घटक झाली. २०११ साली मोबाइल एचसीआय परिषदेत या गटाने टचस्क्रीनसाठीच्या देवनागरी कळफलकांची रचना आणि त्यांची चाचणी यावर निबंध सादर केला. त्या कामातून पुढे आलेला स्वरचक्र हा कळफलक २०१३च्या सुमारास अँड्रॉइडवर लोकांच्या हातात पोहोचला.

स्वरचक्राची युक्ती अगदी साधी आहे. पडद्यावर वर्णमालेच्या क्रमाने व्यंजनं मांडलेली असतात. ‘क’वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती एक चक्र उमटतं आणि त्यात का, कि, की, कु अशी बाराखडी दिसते. बोट हव्या त्या दिशेला सरकवायचं आणि उचलायचं. जोडाक्षर हवं असेल तर चक्रातला पाय मोडलेला ‘क्’ निवडायचा. मग पुढच्या व्यंजनांच्या कळांवर जोडाक्षरं कशी दिसतील ते आधीच दाखवलं जातं. बाराखडी पाठ असलेल्या माणसाला नवीन असं फार थोडं शिकावं लागतं.

घटक म्हणून याकडे पाहा. इंग्रजी कळफलकाच्या कळेला एकच अवस्था पुरते: दाबली किंवा नाही दाबली. इथे कळेला दाबणं, सरकवणं, उचलणं अशा पायऱ्या आहेत, आणि एका कळेच्या निवडीवरून बाकी सगळ्या कळांचे चेहरे बदलतात. असा घटक कुठल्याही तयार संचात मिळत नाही, कारण ते संच बनवणाऱ्यांच्या भाषेत बाराखडी नव्हती.

इथेच क्रॉस-प्लॅटफॉर्मचा काटा टोचतो. अँड्रॉइडने २००९ सालच्या १.५ आवृत्तीपासून बाहेरच्यांनी बनवलेले कळफलक चालू दिले. आयफोनवर ती परवानगी थेट २०१४ साली, आयओएसच्या आठव्या आवृत्तीत मिळाली. मधली पाच वर्षं एकच मराठी कळफलक दोन्ही फोनवर द्यायचा तर तो प्रत्येक ॲपच्या आत, स्वतः काढलेल्या घटकाच्या रूपात द्यावा लागला असता. तंत्र तयार असलं तरी मालकाचा दरवाजा बंद असू शकतो. इतिहास लिहिताना ‘हे आधी का झालं नाही’ असा प्रश्न पडला, की तंत्राबरोबर परवानग्याही तपासा.

जुनाच वाद, नवी नावं

आता फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्हकडे परत येऊ. दोघांमधला मुख्य फरक तुम्हाला आता दोन वाक्यांत कळेल.

फेसबुकने २०१५ साली खुलं केलेलं रिॲक्ट नेटिव्ह फोनला काढायला सांगतं. तुम्ही मजकुराची चौकट मागितली, की अँड्रॉइडवर अँड्रॉइडची खरी चौकट येते आणि आयफोनवर आयफोनची. ही एडब्ल्यूटीची वाट. गूगलचं फ्लटर, ज्याची १.० आवृत्ती डिसेंबर २०१८मध्ये आली, फोनकडून कोरी जागा घेतं आणि चौकट, अक्षरं सगळं स्वतःच काढतं. ही स्विंगची वाट. दोन्ही आपल्या पूर्वजांपेक्षा कितीतरी सुधारलेली आहेत, पण सौदा तोच आहे.

मजकुराच्या चौकटीत आता आपल्याला तीन मालक वेगळे करता येतात: चौकटीचा, अक्षराचा आणि कळेचा. रिॲक्ट नेटिव्हमध्ये तिन्ही फोनचे. फ्लटरमध्ये चौकट आणि अक्षरजुळणी फ्लटरची, पण कळफलक फोनचाच. वापरणाऱ्या बाईने जो बसवला असेल तो. फॉन्टही तुम्ही सोबत दिला नाहीत तर फ्लटर फोनमधलाच उचलतं. आणि स्वरचक्रासारखा घटक ॲपच्या आतच बांधलात तर तिन्ही तुमचे, आणि तिन्हींची जबाबदारीही तुमची.

यातली कोणती वाट बरोबर? ते तुमच्या संशोधनप्रश्नावर अवलंबून आहे.

लोक आपापल्या फोनवर नैसर्गिकपणे कसं लिहितात हे पाहायचं असेल, तर त्यांच्या सवयीत हात घालू नका. फोनची चौकट, फोनचा कळफलक ठेवा. कुणी बोलून टाइप करेल, कुणी रोमन लिपीत लिहील. तीच तुमची माहिती आहे. दृष्टिहीन सहभागी असतील तरी ही वाट सोयीची, कारण पडदा वाचून दाखवणारी सोय फोनच्या घटकांना आधीपासून जोडलेली असते. स्वतः काढलेल्या घटकात ती तुम्हाला मुद्दाम भरावी लागते.

उलट, दोन गटांची तुलना करायची असेल, उदाहरणार्थ एका गटाने लांब उत्तरं लिहिली की दुसऱ्याने, तर प्रत्येकापुढे तोच घटक, तोच फॉन्ट, तोच आकार ठेवणं गरजेचं. नाहीतर तुम्ही माणसांमधला फरक मोजायला जाल आणि फोनमधला फरक मोजून याल. अशा वेळी फ्लटरसारखी स्वतः काढणारी वाट बरी, आणि फॉन्ट ॲपसोबतच द्यावा. मुंबईतल्या एक टाइप या गटाने केलेला मुक्त हा देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याखाली मिळतो, त्यामुळे तो ॲपसोबत देता येतो.

एका शब्दाची तीन मापं

घटक दिसतोय, लिहिता येतंय, म्हणजे झालं असं समजू नका. पुढचा मुद्दा मोजणीचा आहे आणि तो थेट तुमच्या निष्कर्षांत उतरतो.

‘विद्यार्थी’ या शब्दात अक्षरं किती? शाळेतलं मूल सांगेल तीन: वि, द्या, र्थी. युनिकोडच्या संकेतांनी मोजलं तर दहा: व, वेलांटी, द, पाय मोडल्याची खूण, य, काना, र, पुन्हा पाय मोडल्याची खूण, थ, दुसरी वेलांटी. तिसरं माप आहे ‘वापरणाऱ्याला एक वाटणारं अक्षर’. त्याचे युनिकोडचे नियम सप्टेंबर २०२३मधल्या १५.१ आवृत्तीआधी हा शब्द पाच तुकड्यांत तोडत: वि, द्, या, र्, थी. त्या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांच्या जोडाक्षरांसाठी नवा नियम आला आणि उत्तर तीन झालं. मुलाचं उत्तर यंत्राला पटायला युनिकोडच्या जन्मापासून बत्तीस वर्षं लागली.

आता तुमच्या चौकटीला ‘जास्तीत जास्त १० अक्षरं’ अशी मर्यादा घालून बघा. अनेक साधनांत ही मर्यादा संकेत मोजते. ‘विद्यार्थी’ बरोबर दहात बसतो. ‘विद्यार्थिनी’ला बारा लागतात, तो ‘विद्यार्थि’वर तुटतो. विद्यार्थी मावतो, विद्यार्थिनी मावत नाही! हा पक्षपात कुणी ठरवून केलेला नाही. मर्यादा घालणाऱ्याच्या मनात दुसरी लिपी होती, एवढंच. पण तक्त्यात परिणाम तोच दिसतो.

टाइप करण्याचा वेग मोजताना हाच प्रश्न अधिक टोकदार होतो. मिनिटाला तीस अक्षरं म्हणजे कोणती अक्षरं? संकेत की मुलाची अक्षरं? दुसऱ्याच्या निबंधातला आकडा तुमच्या आकड्याशेजारी ठेवण्यापूर्वी त्याने कोणतं माप वापरलं ते शोधा. सापडलं नाही तर तुलना करू नका.

प्रबंधात काय लिहाल

पद्धतीच्या प्रकरणात बहुतेक जण एक वाक्य लिहितात: ‘माहिती मोबाइल ॲपद्वारे गोळा केली.’ या वाक्यावरून पुढच्या संशोधकाला तुमचा प्रयोग पुन्हा करता येणार नाही. मजकुराचा एक घटक जोडलात तरी खालच्या गोष्टी नोंदवून ठेवा.

पहिली, चौकट, अक्षर आणि कळ या तिन्हींचे मालक कोण. साधनसंचाचं नाव आणि आवृत्ती, फोनच्या प्रणालीची आवृत्ती, फॉन्टचं नाव. आवृत्ती लिहायला आळस करू नका. अक्षरमोजणी २०२३ला कशी बदलली ते वर पाहिलंच.

दुसरी, सहभागीने कोणता कळफलक वापरला. हे त्यांना विचारा, आणि विचारल्याचं संमतीपत्रात नमूद करा.

तिसरी, घटकाची भाषा ‘मराठी’ अशी सांगितली होती का. मराठी आणि हिंदीत ‘ल’ आणि ‘श’ वेगळ्या वळणाने लिहितात. फॉन्टमध्ये दोन्ही वळणांची सोय असली तरी घटकाला भाषा सांगितली नसेल, तर मराठी वाचणाऱ्यापुढे हिंदी वळण येऊ शकतं. वाचता येतं, पण डोळा अडखळतो.

चौथी, चाचणीचे शब्द. ‘नमस्कार’ लिहून पाहिला आणि चालला, एवढ्यावर थांबू नका. विद्यार्थिनी, दऱ्या, कर्तृत्व, वाङ्मय, क्षितिज असे अवघड शब्द दोन्ही फोनवर, जुन्यात जुन्या उपलब्ध फोनवरसुद्धा टाइप करा. मग शब्दाच्या मधोमध बोट ठेवून खोडा. एका बॅकस्पेसने मात्रा जाते की अख्खं जोडाक्षर, हे दोन्हीकडे सारखं आहे का ते पाहा. खोडताना वैतागलेला माणूस पुढचं वाक्य लिहीत नाही.

पाचवी आणि सर्वात महत्त्वाची: रिकाम्या उत्तरांचा हिशोब. तेराव्या प्रश्नाला ज्यांनी काही लिहिलं नाही त्यांतल्या निदान काही जणींना प्रत्यक्ष विचारा, सांगण्यासारखं नव्हतं की लिहिता आलं नाही? ही दोन उत्तरं तक्त्यात एकसारखी दिसतात आणि त्यांचा अर्थ एकमेकांच्या उलट असतो.

जुहू-पवईच्या कामातून आपल्या हाती येतं ते हे. तिथल्या लोकांनी तयार घटक आहे तसा घेतला नाही. तो कुणाच्या लिपीसाठी, कुणाच्या बोटांसाठी बनला होता हे आधी विचारलं आणि मग नवा घडवला, लोकांवर तपासला, तपासणी छापली. तुम्हाला नवा कळफलक घडवायची गरज नाही. पण तुमच्या ॲपमध्ये एक चौकट जोडाल तेव्हा तेवढे प्रश्न विचारणं तुमच्याकडून अपेक्षित आहे, कारण त्या चौकटीपलीकडे जी व्यक्ती आहे तिचे शब्द तुमच्यापर्यंत पोहोचण्याची तेवढी एकच वाट तुम्ही ठेवली आहे.